गुंडीमागे किती?

रविवारी सकाळी नऊला फोन वाजला की समजायचं, क्लायंट. मित्र रविवारी नऊला उठलेलेच नसतात, आणि नातेवाईक थेट जेवायच्या वेळेला येतात. फोन हिंगणघाटहून होता. जिनिंगचा धंदा, सोबत सरकीच्या ढेपेचं दुकान. त्यांना वेबसाईट हवी होती. मी बावीस हजार सांगितले.

"अरे भाऊ, वेबसाईटच तं बनवायची आहे, बिल्डिंग थोडीच बांधायची आहे! माझा भाचा नागपूरले कॉम्प्युटर शिकते, तो म्हणते पाच हजारात होते."

"मग काका, त्याच्याकडूनच करून घ्या ना."

"नाही ना राजा, तो अर्ध्यातच सोडून देते. तू चांगला करतो म्हणून तं तुले फोन केला. बरं, आठ हजार घे."

म्हणजे काम चांगलं होईल हे मान्य, फक्त त्याचे पैसे मान्य नाहीत. मंडळी, तुमच्यापैकी जे कुणी स्वतंत्रपणे कामं घेत असतील त्यांना हे संवाद पाठ असतील. सहा वर्षं हाच धंदा करतोय. पुण्यातली नोकरी सोडून २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वर्ध्याला घरी आलो तो इथलाच झालो. आर्वी नाक्याजवळ घर, वरच्या मजल्यावरची एक खोली हे ऑफिस, आणि वीज गेली की इन्व्हर्टरच्या बॅटरीवर जेवढं टिकेल तेवढं काम. शेकडो नाही, पण साठ-सत्तर साईट्स तरी हातून गेल्या. आणि तरी 'माझ्या कामाची किंमत किती?' या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. समोरच्याचा चेहरा पाहून (हल्ली आवाज ऐकून) आकडा सांगतो, आणि तो भाच्याचं नाव काढतो तेव्हा कमी करतो.

तर फोन ठेवला, डोकं फिरलेलं होतं, म्हणून गाडी काढली आणि मगन संग्रहालयात गेलो. वर्धेकरांचं असंच आहे. पाहुणे आले तर त्यांना सेवाग्राम-पवनार दाखवायचं आणि आपण स्वतः दहा वर्षांत एकदा जायचं. शाळेच्या सहलीनंतर मी बहुतेक पहिल्यांदाच आत शिरलो असेन. चरख्यांच्या रांगेसमोर उभा राहिलो आणि एकदम वाटलं, अरे, हे तर आपल्याच धंद्याचं म्युझियम आहे! घरून काम, नगावर मोबदला, माल तपासून घेणारा क्लायंट, आणि दरावरून घासाघीस. सगळं इथं आधीच होऊन गेलंय. गेले दोन विकांत त्याबद्दलच वाचतोय, म्हणून हा लेख.

आधी थोडं शिलेदारांबद्दल

'फ्रीलान्स' हा शब्द इंग्रजीत लोकांच्या तोंडी आणला तो वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीनं (ती आली १८१९ च्या अखेरीस). ज्याचा भाला कुणा एका मालकाचा नाही, पैसे देईल त्याचा, तो फ्रीलान्स. मराठीत याला 'मुक्त व्यावसायिक' म्हणतात. ते ऐकलं की आपण नुकतेच तुरुंगातून सुटलोय असं वाटतं. :-)

खरं तर आपल्याकडे चांगला शब्द होता. शिवकालीन घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर म्हणजे घोडा आणि हत्यार सरकारचं, माणूस पगारी. शिलेदार म्हणजे घोडाही स्वतःचा, हत्यारही स्वतःचं. आता बघा, कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीचं आयडी कार्ड गळ्यात घालून हिंजवडीला जाणारा तो बारगीर. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं इंटरनेट, स्वतःचा इन्व्हर्टर घेऊन लढणारा तो शिलेदार. घोडा मेला तर नुकसान शिलेदाराचं! (माझा मागच्या पावसाळ्यात मेला. मदरबोर्ड. एकोणीस हजार.) सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांनी सरकारी पागा बळकट ठेवली आणि शिलेदारांना पागेच्या हाताखाली ठेवलं असं वर्णन येतं. म्हणजे पर्मनंट आणि कॉन्ट्रॅक्टवाले यांच्यातला मानपानही नवा नाही.

गावगाड्यात आणखी एक पद्धत होती, बलुत्याची. सुतार, लोहार, कुंभार यांनी वर्षभर गावाची कामं करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य उचलायचं. प्रत्येक कामाचं वेगळं बिल नाही. आमच्या भाषेत हे वार्षिक देखभालीचं कंत्राट. फरक एवढाच की बलुतेदाराला हे कंत्राट सोडून दुसऱ्या गावी जाणं सोपं नव्हतं, आणि खळ्यावर किती मिळणार हे पीक कसं आलंय आणि पाटलाचा मूड कसा आहे यावर. त्यामुळे जुन्या काळाबद्दल फार गहिवरून यायचं कारण नाही. असो.

एक लाखाचं टेंडर

आता चरख्याकडे येऊ. मगन संग्रहालय हे नाव मगनलाल गांधींचं. साबरमती आश्रमाचा कारभार पाहणारे, आणि चरखा-मागाच्या तांत्रिक बाजूचा ज्यांनी खरा अभ्यास केला ते हे गृहस्थ. १९२८ साली पाटण्याला वारले. पुढं १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग आणि बंगला त्या संघाला दिला आणि जागेचं नाव पडलं मगनवाडी. तिथल्या संग्रहालयाचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ ला गांधींच्याच हस्ते झालं.

पण मला सगळ्यात मजा वाटली ती त्याच्या आधीची, १९२९ सालची एक जाहिरात वाचून. अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी बक्षीस लावलं होतं. रक्कम एक लाख रुपये किंवा ७,७०० पौंड. १९२९ चे एक लाख! जाहिरात जगभरच्या यंत्रज्ञांसाठी होती. आणि अटी वाचून मला घाम फुटला, कारण इतकी नेमकी रिक्वायरमेंट मला आजवर एकाही क्लायंटनं दिलेली नाही. आपल्या भाषेत सांगतो :

- यंत्र हलकं हवं, सहज नेता-आणता येणारं, आणि खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालणारं.
- बाईला त्यावर आठ तास सलग, फारशी दमछाक न होता काम करता आलं पाहिजे.
- आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघालं पाहिजे.
- भारतात बनवायचा खर्च १५० रुपयांच्या वर जाता कामा नये.
- देखभाल करत राहिलं तर वीस वर्षं चाललं पाहिजे, आणि सुट्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. वापरणारी व्यक्ती कोण, ती कुठं बसणार, किती वेळ बसणार, काम किती निघणार, किंमत किती, आणि बिघडलं तर खर्च किती, सगळं आकड्यांत. 'ॲपलसारखी साईट पाहिजे, पण थोडी आपल्यासारखी' असं कुठंही नाही! वीस वर्षांच्या देखभालीचा विचार तर आमच्या धंद्यात कुणीच करत नाही. मी सहा वर्षांपूर्वी केलेल्या साईट्सपैकी निम्म्या आज धड उघडत नाहीत.

आता त्याच जाहिरातीची दुसरी बाजू. स्पर्धकानं यंत्र स्वतःच्या खर्चानं साबरमतीला पाठवायचं, मुदत ३० ऑक्टोबर १९३०. परीक्षक तीन : राजगोपालाचारी, सतीशचंद्र दासगुप्ता आणि लक्ष्मीदास पुरुषोत्तम. जिंकलात तर पेटंटचा हक्क चरखा संघाच्या स्वाधीन करायचा. हरलात तर? तर काही नाही, यंत्र घेऊन घरी. म्हणजे आज ज्याला आम्ही वैतागून 'फुकटचं सॅम्पल' म्हणतो, तेच. 'आधी होमपेज करून दाखवा, आवडलं तर ऑर्डर देऊ' म्हणणारे क्लायंट मला भेटले की माझा संताप होतो, आणि इथं साक्षात चरखा संघ तेच करत होता. अर्थात एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. त्यांनी रक्कम आधी जाहीर केली, कसोट्या आधी जाहीर केल्या, परीक्षकांची नावं आधी जाहीर केली. माझ्या त्या क्लायंटनं यातलं काहीच केलं नव्हतं. माझं होमपेज आवडलं नाही म्हणून सांगितलं आणि दोन महिन्यांनी तेच होमपेज रंग बदलून त्याच्या साईटवर दिसलं. (नाव सांगत नाही. जिल्हा लहान आहे.)

बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. यंत्रं आली, आपल्या किर्लोस्करवाडीहूनसुद्धा प्रयत्न झाला, पण सगळ्या अटींत बसेल असं एकही निघालं नाही. अनेक चात्यांचा अंबर चरखा आला तो स्वातंत्र्यानंतर, तमिळनाडूच्या एकांबरनाथांकडून, आणि तोही कुठल्या लाखाच्या बक्षिसासाठी नाही. रिक्वायरमेंट कितीही नेमकी असली तरी काही वेळा तंत्रज्ञान त्या किमतीत बसत नाही, एवढाच धडा.

सूत मोजायचं कसं

बक्षिसाची गोष्ट इथं संपते आणि खरी गोष्ट सुरू होते. कारण यंत्र सुधारेल तेव्हा सुधारेल, सूत कातणाऱ्या बाईला आज किती द्यायचे?

आधी मोजमाप समजून घेऊ. चार फूट सुताला एक तार म्हणायचं. असे ६४० तार झाले की एक गुंडी. म्हणजे २,५६० फूट, साधारण ८५३ वार. सूत किती बारीक ते नंबरावरून ठरतं. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या गुंड्या बसतील तो नंबर. सूत जितकं बारीक तितका नंबर मोठा. मग समानता बघायची, मजबुती बघायची, आणि त्यावर गुंडीमागे पैसे. घरी बसून काम, नगावर मजुरी, माल नापास झाला तर नुकसान कातणारीचं. यात आणि 'पेजमागे किती?' यात मला तरी काही फरक दिसत नाही.

चरखा संघ १९२५ ला स्थापन झाला. पहिली दहा वर्षं धोरण साधं होतं. खादी गिरणीच्या कापडासमोर टिकायची तर स्वस्त हवी, आणि स्वस्त हवी तर मजुरी कमी. कातणारीला तासाला एखादा पैसा मिळायचा. (त्या वेळचा पैसा, म्हणजे आण्याचा चौथा हिस्सा.) यावर उत्तर ठरलेलं असायचं : हे फावल्या वेळचं काम आहे, नाहीतर ती बाई रिकामीच बसली असती, काहीच नसण्यापेक्षा हे बरं.

हे वाक्य ओळखीचं वाटतंय? 'घरबसल्या तर करतोस, ऑफिसचं भाडं नाही, प्रवास नाही, मग एवढे कशाला?' मला हे महिन्यातून दोनदा ऐकायला मिळतं. काम कुठं बसून केलं यावरून त्याची किंमत ठरवायची ही सवय आपली फार जुनी दिसते.

१९३५, वर्धा

१९३५ साली गांधी मगनवाडीत राहत होते. (सेगावला ते गेले ३० एप्रिल १९३६ ला. पुढं सेगाव आणि बुलढाण्याचं शेगाव यांत टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम केलं. डोमेन आधीच दुसऱ्यानं घेतलेलं असलं की आपण करतो तसंच!) चरखा संघाचे अध्यक्ष तेच. म्हणजे देशभरच्या हजारो कातणाऱ्या बायांचे एका अर्थानं क्लायंट तेच. आणि त्यांनीच हा दर चुकीचा आहे असं म्हणायला सुरुवात केली. 'हरिजन'मधून त्यांनी मांडलं की तासाला एक आणा, आठ तासांचे आठ आणे, इतकी मजुरी कातणारीला मिळायला हवी. म्हणजे चौपट!

याच सुमारास इकडे नालवाडीला विनोबा एक वेगळाच प्रयोग करत होते. विनोबा वर्ध्याला आले १९२१ मध्ये, नालवाडीत राहायला गेले १९३२ च्या अखेरीस. १९३५ मध्ये त्यांनी ठरवलं की दिवसभर सूत कातायचं, आणि चरखा संघाच्या चालू दरानं त्याची जी मजुरी होईल तेवढ्यातच जगायचं. हात सराईत, ध्यान पक्कं, इकडेतिकडे बघणं नाही, आणि तरीही त्या दरात पोट नीट भरत नव्हतं. विनोबांसारख्या माणसाला भागत नसेल, तर घरातली धुणी-भांडी, पोरंबाळं सांभाळून कातणाऱ्या बाईचं काय होत असेल?

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दर ठरवणारे आपण पुष्कळ जण असतो, आणि त्या दरावर एक महिना जगून बघणारा मात्र क्वचितच कुणी भेटतो.

विरोध अर्थातच झाला, आणि विरोध करणारे लोक काही दुष्ट नव्हते. त्यांचं गणित सरळ होतं. मजुरी वाढली की खादी महागणार, महागली की खप घटणार, खप घटला की ज्या बाईला आज तासाला एक पैसा तरी मिळतोय तिला तोही मिळणार नाही. तुम्ही तिचं भलं करायला जाताय आणि तिचं कामच घालवताय. हा युक्तिवाद आजही कुणी मोडीत काढलेला नाही. मी स्वतः तो कितीदा केलाय, ते पुढं सांगतोच.

ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला चरखा संघाच्या कार्यकारिणीनं ठराव केला. त्याचा आशय असा : आठ तासांच्या कुशल कामाची मजुरी एवढी हवी की त्यातून कातणाऱ्याला शास्त्रीय प्रमाणानुसार ठरवलेला किमान आहार आणि वर्षाला वीस वार कापड मिळावं. बाजारात काय चाललंय किंवा शेजारचा कितीत करतो यावरून दर ठरवायचा नाही. माणसाला जगायला काय लागतं तिथून सुरुवात करायची आणि उलटं मोजत गुंडीच्या भावापर्यंत यायचं. १९४८ चा किमान वेतन कायदा यायला अजून तेरा वर्षं होती.

आठ आणे काही प्रत्यक्षात आले नाहीत. वाढ झाली ती तीन आण्यांच्या आसपास. खादी महागली, भीती घालणारे तेवढ्यापुरते बरोबर ठरले. पण ठरावातल्या दोन गोष्टी मला आमच्या धंद्यासाठी मुद्दाम टिपून ठेवाव्याशा वाटल्या. एक म्हणजे 'कुशल' हा शब्द. मजुरी वाढवताना कातणाऱ्याचं कौशल्यही वाढलं पाहिजे, पिंजण नीट हवं, पेळू नीट हवा, साधन नीट हवं, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त आणि चांगलं सूत निघेल. दर आणि कसब दोन्हींची जबाबदारी संघाची. दुसरी म्हणजे प्रमाणपत्र. ज्या विक्रेत्याला 'प्रमाणित खादी' म्हणून विकायची आहे त्याला ही मजुरी पाळणं भाग होतं. शेजारचा कमी दरात देतो म्हणून मीही देतो, ही पळवाट निदान प्रमाणित दुकानांपुरती तरी बंद केली.

आमच्याकडे अशी पळवाट बंद करणारं कुणी नाही. १९९९ मध्ये ईलान्स आलं, मग ओडेस्क, दोघांचं लग्न लागलं आणि २०१५ मध्ये त्याचं अपवर्क झालं. जगभरचं काम घरात आलं हे खरं, मलाही त्याचा फायदा झालाय. पण तिथं एका कामावर पन्नास जण बोली लावतात, आणि एकेचाळिसाव्या क्रमांकावरचा मुलगा तुमच्या निम्म्या दरात तयार असतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग वर्कर' हा शब्द कायद्यात आला, पण तासाला किमान किती, हे सांगणारा ठराव आमच्यासाठी कुणी केलेला नाही. आणि गुंडीचा हिशेब तर अजून चालूच आहे. खादी आयोगानं २०२४ च्या २ ऑक्टोबरला कातणाऱ्यांचा दर गुंडीमागे १० वरून १२.५० रुपये केला, आणि २०२५ मध्ये १५.

आता माझा हिशेब

इथपर्यंत लिहून मी मस्त समाधानात होतो. लेखाचा शेवटही सुचला होता : क्लायंट लोकहो, जरा १९३५ चा ठराव वाचा. पण मग एक गोष्ट आठवली आणि लेख दोन दिवस तसाच पडून राहिला.

माझ्याकडे देवळीची एक मुलगी काम करते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे. साईटचा सांगाडा मी उभा करतो. त्यात मालाचे फोटो कापून बसवणं, माहिती टाकणं, दोन्ही भाषांतला मजकूर तपासणं हे ती घरून करते. मोबदला पेजमागे. चाळीस रुपये.

मागच्या महिन्यात असंच एक काम होतं. मी बावीस हजार म्हणालो, क्लायंटनं सोळावर आणलं. १२० पानांची साईट. सहा हजार कुठून तरी कमी करायला हवे होते, म्हणून मी तिला फोन करून सांगितलं, या वेळी बजेट कमी आहे गं, तीस रुपये धर. ती "हो दादा" म्हणाली. संपला विषय.

तेव्हा मी मनाशी हिशेबही केला होता. तिचे ४,८०० चे ३,६०० झाले, म्हणजे पंचवीस टक्के घट. माझे १७,२०० चे १२,४०० झाले, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस टक्के. उलट मीच जास्त सोसलं! न्याय झाला असं वाटून मी शांत झोपलो होतो.

आता चरखा संघाच्या पद्धतीनं, उलटीकडून मोजलं. एका पेजला तिला किती वेळ लागतो? हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. विचारलं. क्लायंट फोटो बदलतो, मग पुन्हा करायचं, मग तो आधीचेच बरे होते म्हणतो, मग पुन्हा. सगळं धरून सरासरी पन्नास मिनिटं. १२० पानांचे शंभर तास. ३,६०० भागिले शंभर, तासाला छत्तीस रुपये. आठ तासांचे २८८.

२०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ३१२ झाला.

म्हणजे मी, नगावर मजुरी देणाऱ्यांवर लेख लिहिणारा, एका ग्रॅज्युएट होऊ घातलेल्या मुलीला तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, तिच्या स्वतःच्या विजेवर, माती खोदण्यापेक्षा कमी पैशात राबवत होतो. आणि माझ्याजवळ उत्तरंही तयार होती. घरबसल्या करते, फावल्या वेळात करते, शिकायला मिळतं, काहीच नसण्यापेक्षा बरं. टक्केवारीचं काय घेऊन बसलात, माझे गेलेले पैसे पुढच्या महिन्याच्या बचतीतले होते. तिचे बाराशे कशातले होते ते मी विचारलं नाही.

तिला बाराशे पाठवले. लगेच फोन आला, "दादा, हे कशाचे?" मी म्हणालो, मागच्या साईटचा दर चुकीचा लावला होता. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलं माझे पेजेस बरोबर नव्हते, म्हणून तुम्ही कमी केले होते."

हे मात्र मला कुठल्याच हिशेबात धरता आलं नसतं.

तर आता आमच्याकडे ठराव झालाय. (कार्यकारिणी दोघांची.) पेजमागे पैसे बंद. तासाला शंभर रुपये, आणि पुन्हा-पुन्हा केलेल्या कामाचे तासही धरायचे. त्याबरोबर 'कुशल'ची माझी बाजू : फोटो आणि मजकूर क्लायंटकडून पूर्ण हातात आल्याशिवाय पान करायला घ्यायचं नाही, आणि दुरुस्त्या दोनदाच, तेही आधी लेखी ठरवून. असं केलं की एका पानाला अर्ध्या तासाच्या वर लागू नये. १२० पानांचे साठ तास, सहा हजार रुपये. तिला आधीच्यापेक्षा जास्त, आणि माझा धंदाही बुडत नाही. निदान कागदावर.

प्रत्यक्षात काय? जुन्या पाच क्लायंटना नवे दर आणि अटी कळवल्या. दोघांनी कुरकुर करून मान्य केल्या, एक सरळ निघून गेला, दोघांचं 'पाहतो' चाललंय. विरोधकांचा युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा.

हिंगणघाटच्या काकांनाही काल फोन केला. चोवीस हजार, दोनदाच दुरुस्त्या, अर्धे पैसे आधी. मुद्दाम सगळं लिहून पाठवलं. एक लाखाच्या टेंडरइतकं नेमकं नाही, पण माझ्या परीनं. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आता तं तू वाढवलेच ना बे! बरं, भाच्याले एकदा विचारून सांगतो."

अजून फोन आलेला नाही. उद्या रविवार आहे, नऊपर्यंत वाट बघतो.